पट्टीचा प्रोग्राम, कामाच्या नोंदी: पँगो आणि त्याचं वऱ्हाड

२७ ऑगस्ट २०२४, मंगळवार

पट्टीचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर पुरा झाला. शेतकऱ्याचं नाव-गाव, माल, कट्टे, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम निघते आणि ए-५ कागदावर पट्टी छापून येते. परभणीच्या मोंढ्यातलं आडतीचं दुकान, तीन कॉम्प्युटर. दसरा झाला की सोयाबीनचे कट्टे दारात पडायला लागतील, त्याआधी तिन्ही ठिकाणी बसवून द्यायचं असं शेठजींशी बोलणं झालंय.

पट्टी मराठीतच पाहिजे, ही त्यांची एकच अट. पुढचा सगळा व्याप तिच्यापायीच होणार, म्हणून लिहून ठेवतो. प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलाय, पीडीएफसाठी पहिल्यांदा तिच्यातलं रिपोर्टलॅब हे पॅकेज घेतलं होतं. ते अक्षरं एकामागं एक मांडून मोकळं व्हायचं. 'क्विंटल' हा शब्द युनिकोडमध्ये क, हलन्त, व, ऱ्हस्व इकार, अनुस्वार, ट, ल असा सात तुकड्यांत साठवलेला असतो. कागदावर मात्र क अर्धा व्हायला पाहिजे, इकार मागून उचलून अख्ख्या 'क्व'च्या पुढं आणायला पाहिजे, अनुस्वार डोक्यावर चढायला पाहिजे. रिपोर्टलॅबच्या कागदावर क-चा पाय मोडलेला आणि इकार व-च्या मागं लोंबकळतोय. मुनीमकाकांनी तो कागद चष्म्यासमोर धरला आणि म्हणाले, "ही तर बालवाडीतल्या पोराची पाटी झाली. शेतकऱ्याच्या हातात हे द्यायचं?"

ही जुळवाजुळव हार्फबझ करतं, आणि त्याच्या जिवावर ओळी पाडायचं काम पँगो. दोन्ही पायथनबाहेरच्या, मशीनच्या भाषेत तयार होऊन येणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच. वीझीप्रिंट हे पायथनचं पॅकेज पँगोला हाताशी धरून एचटीएमएलची पीडीएफ करतं. २०२१ च्या ५३ व्या आवृत्तीपासून त्याला कायरो ही चित्रं काढायची लायब्ररी लागत नाही, तेवढंच ओझं कमी. विंडोजवर पँगो एमसिस२ या सॉफ्टवेअर-संचातून घेतलं आणि 'क्विंटल' पहिल्या फटक्यात नीट उमटला. पायथन ३.१२. पायइन्स्टॉलर या साधनानं सगळं बांधून एकाच फाइलची एक्सई (थेट चालणारा प्रोग्राम) केली. उद्या दुकानात.

२८ ऑगस्ट, बुधवार

"भैय्या, चालू होईना गेलंय. तुमच्याकडं चालतंय अन् आमच्याकडंच का चालंना?"

शेठजींचा प्रश्न रास्त आहे. काळी खिडकी उघडते आणि लगेच मिटते. कमांड प्रॉम्प्टमधून चालवलं तेव्हा ओळ दिसली: 'जीऑब्जेक्ट-२.०-०' ही लायब्ररी लोड होत नाही, एरर ०एक्स७ई. दशमानात १२६, म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही.

कारण समजायला वेळ लागला नाही, लाज वाटायला मात्र लागला. वीझीप्रिंट पँगोला नावानं हाक मारतं, तीही प्रोग्राम चालू झाल्यावर, सीएफएफआय या पॅकेजमार्फत. पायइन्स्टॉलर बिल्ड करताना, म्हणजे एक्सई बांधताना, पायथनच्या इम्पोर्ट ओळी वाचत जातो, अशी आयत्या वेळी मारलेली हाक त्याला ऐकू जात नाही. त्यामुळं एक्सईत पँगो गेलंच नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर ते चालत होतं एमसिस२ च्या फोल्डरातून.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

कालपासून पाऊस हटायला तयार नाही. लाइट नाही, रेंज नाही. बैलं धुवायची गरज कुणालाच पडली नाही, असं वडील म्हणाले.

बॅटरी वाचवून कागदावर पँगोची वंशावळ काढली. परवा ऑब्जडंप या साधनानं प्रत्येक डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) कुणाकुणाला बोलावते ते काढून ठेवलं होतं. पँगोला जीलिब, जीऑब्जेक्ट, फ्रायबिडी, हार्फबझ. जीलिबला पीसीआरई२ आणि इंटल, इंटलला आयकॉन्व्ह. फाँट शोधून देणाऱ्या फाँटकॉन्फिगला एक्सपॅट आणि फ्रीटाइप. फ्रीटाइपला पीएनजी, झीलिब, बीझिप२, ब्रॉटली. हार्फबझला ग्रॅफाइट२. आणि एका कोपऱ्यात लिबथाई, तिच्यामागं लिबडॅट्राय. थाई भाषेत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून ओळ कुठं तोडायची ते ही लायब्ररी सांगते. परभणीच्या मोंढ्यातल्या पट्टीला तिचा काडीचा उपयोग नाही, पण ती नसेल तर पँगो उठत नाही. नवरदेव एक आणि वऱ्हाडी वीसपंचवीस. एकाला जरी एसटीत जागा मिळाली नाही तरी नवरदेव मांडवात यायचा नाही.

घोळ असा की ०एक्स७ई हा एरर नवरदेवाचं नाव सांगतो, न आलेल्या वऱ्हाड्याचं नाही. 'जीऑब्जेक्ट सापडत नाही' म्हणतो, आणि जीऑब्जेक्ट तर समोर फोल्डरात बसलेला असतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

वीझीप्रिंट ज्यांना नावानं हाक मारतं त्या डीएलएल प्रोजेक्टमधल्या एका फोल्डरात आणल्या आणि पायइन्स्टॉलरला काय बांधायचं ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये बायनरी म्हणून लावल्या. हाती दिलेल्या डीएलएलचे सोयरे पायइन्स्टॉलर आपणहून हुडकतो, ते काम त्याला चांगलं जमतं. बिल्ड झाला, फोल्डर भरलेला दिसला. चालवला तर नवा एरर, ०एक्स७एफ. आता लायब्ररी सापडली, पण तिच्यात पाहिजे ते फंक्शन नाही.

दुपार यात गेली. शेवटी बिल्डचा लॉग ओळीओळीनं वाचला. इंटल, पीसीआरई२ आणि झीलिब या तिन्ही आल्या होत्या गिट या कोड जपणाऱ्या साधनाच्या फोल्डरातून! मी बिल्ड त्याच्या कमांड खिडकीतून, गिट बॅशमधून, चालवत होतो, आणि गिट बॅश स्वतःचं मिंगडब्ल्यू६४ फोल्डर पाथच्या, म्हणजे फाइली हुडकायच्या फोल्डरांच्या यादीच्या, अगदी पुढं ठेवतं. सोयरे माझ्या फोल्डरात नव्हते म्हणून पायइन्स्टॉलर पाथवर गेला आणि त्या नावाचा जो पहिला भेटला त्याला घेऊन आला. नाव एक, घराणं वेगळं.

आता बिल्डसाठी वेगळी बॅच फाइल केलीय. पहिल्याच ओळीत पाथ पुसून त्यात फक्त पायथन, एमसिस२ चं बिन आणि सिस्टिम३२ ठेवते. शिवाय बिल्डनंतर प्रत्येक डीएलएल कुठून आली त्याची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये पडते. दुसरा कुठला पत्ता दिसला तर बिल्ड फेल. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं.

९ सप्टेंबर, सोमवार

घरी गणपती, त्यामुळं रात्रीच बसायला मिळतं. दर वेळी दुकानात जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा विंडोज सँडबॉक्स सुरू केलं. विंडोज १० प्रोमध्ये १९०३ आवृत्तीपासून फुकट येतं. उघडलं की कोरं विंडोज, मिटलं की सगळं पुसलं. एमसिस नाही, गिट नाही, माझे फाँट नाहीत.

सँडबॉक्समध्ये प्रोग्राम उठला. पीडीएफ निघाली. अक्षरं नीट. उड्या मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात रकमेच्या रकान्याकडं लक्ष गेलं. तपासायला मी कायम एकच पट्टी वापरतो: सोयाबीन, १२ कट्टे, ७ क्विंटल १४ किलो, भाव म्हणून या वर्षीचा हमीभाव ४,८९२. एकूण ३४,९२८.८८. लॅपटॉपवर हा आकडा रकान्यात बरोबर मावतो. इथं '३४,९२८.' वरच्या ओळीत आणि '८८' खालच्या ओळीत. अठ्ठ्याऐंशी रुपयांची वेगळी नोंद असल्यासारखं दिसतंय. मोंढ्यात यावरून भांडण व्हायला वेळ लागणार नाही.

पीडीएफचे गुणधर्म उघडले तर फाँट निर्मला यूआय. मी नोटो सॅन्स देवनागरी मागितला होता. काळ्या खिडकीत एक ओळ येऊन गेली होती, फाँटकॉन्फिगला त्याची मूळ कॉन्फिग फाइल सापडत नाही म्हणून. मग त्यानं गुपचूप विंडोजच्या फाँट फोल्डरातून देवनागरी येणारा जो मिळाला तो उचलला.

प्रोग्राम पडला असता तर परवडलं असतं. हा पडत नाही, हसत हसत चुकीचा कागद देतो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस एकाच गोष्टीत गेले. उपाय साधा वाटला होता. नोटोची फाइल आणि फाँट्सकॉन्फ ही स्वतःची कॉन्फिग फाइल सोबत द्यायची, तिच्यात फक्त आपलं फाँट फोल्डर लिहायचं, आणि पायथनमध्ये पँगो लोड व्हायच्या आधी एन्व्हायर्नमेंटमध्ये (चालू प्रोग्रामच्या सेटिंगांच्या यादीत) फाँटकॉन्फिग-फाइल या नावानं तिचा पत्ता टाकायचा. टाकला. छापून पाहिला, पत्ता बरोबर. फाँटकॉन्फिग म्हणतंय, मला काही दिसत नाही.

ओळ वर नेली, खाली नेली. स्लॅश उलटे केले. बॅच फाइलमधून तोच पत्ता सेट करून प्रोग्राम चालवला, तर चालला! पायथनच्या आतून सेट केला की नाही.

उत्तर सी रनटाइममध्ये, म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रामांच्या पायाभूत लायब्ररीत, होतं. पायथनडॉटऑर्गवरचं पायथन यूसीआरटी या नव्या रनटाइमवर बांधलेलं आहे. एमसिस२ मधून मी घेतलेलं पँगो मिंगडब्ल्यू६४ प्रकारचं, ते जुन्या एमएसव्हीसीआरटीवर. दोन्ही रनटाइम एकाच प्रोसेसमध्ये नांदतात, पण एन्व्हायर्नमेंटची स्वतःची वेगवेगळी प्रत बाळगतात. प्रोसेस सुरू होताना जे असतं ते दोघं आपापल्या वहीत उतरवून घेतात. नंतर पायथननं काही बदललं तर ते यूसीआरटीच्या वहीत चढतं. फाँटकॉन्फिग वाचतं एमएसव्हीसीआरटीची वही, आणि तिथं ती नोंदच नाही. बॅच फाइलचा पत्ता प्रोसेस जन्मायच्या आधीचा, म्हणून तो दोन्ही वह्यांत होता. एका दुकानात दोन मुनीम आणि दोघांच्या खतावण्या वेगळ्या, तसला प्रकार.

एमसिस२ मध्ये यूसीआरटी६४ नावाचा दुसरा संच आहे, आता तोच त्यांचा मुख्य. तिथलं पँगो घेतलं. डीएलएलची नावं तीच, म्हणून जुन्या सगळ्या पुसूनच नव्या टाकल्या, एकही मिसळू दिली नाही. पायथनमधली ओळ जशीच्या तशी. पहिल्याच धावेत नोटो. ३४,९२८.८८ एका ओळीत.

मध्यरात्री दीड वाजता हे सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, आणि आज विसर्जनही. काम नाही. फक्त मुनीमकाकांना पीडीएफ पाठवली होती, त्यांचा फोन आला. "सगळं झकास आहे, पण ल हिंदीतला आहे."

बरोबर पकडलं त्यांनी. नोटोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच हार्फबझ ते वापरतं. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहायची राहिली होती. मिनिटभराचं काम. तीस वर्षं खतावणी लिहिलेल्या माणसाची नजर, आपण काय बोलणार.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात गेलो. पहिल्या कॉम्प्युटरवर बसवलं, चाललं, फाँट बरोबर. दुसऱ्यावर बसवलं, चाललं, आणि रकमेचा रकाना पुन्हा फुटला. तोच आजार: निर्मला. दोन्हीकडं विंडोज १०, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली मशीनं.

तासभर डोकं खाजवल्यावर फोल्डरच्या पत्त्याकडं लक्ष गेलं. या मशीनवर शेठजींच्या भाच्यानं विंडोज टाकताना खात्याचं नाव मराठीत ठेवलंय: आडत. त्यामुळं त्याचं फोल्डरही सी ड्राइव्हवर 'आडत' याच नावाचं. माझी एक-फाइल एक्सई चालू होताना स्वतःला टेंप फोल्डरात सोडवते, टेंप असतं खात्याच्या फोल्डरात, म्हणजे फाँट्सकॉन्फच्या पत्त्यात देवनागरी आली. पायथनला त्याचं काही वाटत नाही. फाँटकॉन्फिग मात्र फाइल उघडताना जुन्या पद्धतीनं, सिस्टिमच्या ॲन्सी कोड पेजमधून, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यातून, पत्ता वाचतं. इथलं कोड पेज १२५२, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. 'आडत'च्या जागी प्रश्नचिन्हं उरली, त्या पत्त्यावर फाइल कुठून सापडणार?

सँडबॉक्समध्ये हे कधीच कळलं नसतं, तिथल्या खात्याचं नाव रोमन लिपीत. मराठी पट्टीचा प्रोग्राम मराठी नावाच्या फोल्डरात अडकला.

भाचा ओशाळला. त्याला म्हणालो, तुझी काही चूक नाही, असंच नाव ठेवायला पाहिजे.

३० सप्टेंबर, सोमवार

एक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रात) कोड पेज सगळ्या लिपी मावणारं यूटीएफ-८ करता येतं, विंडोज १० च्या १९०३ पासून. पण त्यानं बाकी कुठं काय हलेल ते तपासायला आता वेळ नाही. त्याऐवजी एक-फाइलचा नादच सोडला. आता फोल्डर पद्धत: एक्सई आणि शेजारी तिचं '_इंटर्नल' फोल्डर, सगळं प्रोग्राम फाइल्समध्ये. पत्त्यात खात्याचं नाव कुठंच येत नाही. फाँटकॉन्फिगची कॅशही खात्याच्या फोल्डरात जात होती, तिला प्रोग्रामडेटामध्ये जागा दिली. इनो सेटअपने एक सेटअप फाइल केली, म्हणजे पेन ड्राइव्हवर न्यायला सुटसुटीत.

फायदा असा की उघडायला आधी अकरा सेकंद लागायचे, आता तीन. दर वेळी सगळं सोडवणं बंद झालं. पहिल्या कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस एक-फाइल एक्सईला दोनदा पकडून गेला होता, तो फोल्डरवाल्याला काही बोलला नाही. दाबून लहान करायचं यूपीएक्स मी वापरतच नाही, त्यानं संशय वाढतो आणि एखादी डीएलएल बिघडते ती वेगळीच.

लायसन्सचंही उरकलं. पँगो, जीलिब, फ्रायबिडी एलजीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहेत. डीएलएल वेगळ्या फाइल म्हणून दिल्या की ज्याला पाहिजे तो त्या बदलून स्वतःच्या टाकू शकतो, फोल्डर पद्धतीत ते आपोआप साधतं. लायसन्सचे मजकूर आणि नोटोचं ओएफएल हे फाँट-लायसन्स एका फोल्डरात घातलं. मोंढ्यात ते कुणी उघडणार नाही. तरी घातलं.

आणि एक पहारेकरी बसवला. प्रोग्राम उघडला की तो आधी मनातल्या मनात 'क्विंटल' एवढ्याच शब्दाची पीडीएफ करतो आणि तिच्यात कोणता फाँट बसला ते बघतो. नोटो नसेल तर छपाईचं बटणच उठत नाही, आणि मराठीत पाटी येते: 'फाँट सापडला नाही, पट्टी छापू नका, फोन करा.' यूसीआरटीचा घोळ मुद्दाम परत करून पाहिला, पाटी आली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तिसरा कॉम्प्युटर. गोदामातला, विंडोज ७, ६४ बिट. 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' ने सुरू होणारी एक डीएलएल नाही म्हणतो. पायथन ३.९ पासून विंडोज ७ ला रामराम केलेला आहे, शेवटचं चालणारं ३.८, आणि त्याचीही मुदत याच महिन्यात संपतेय.

भाच्यानं मी यायच्या आधीच त्या नावाची डीएलएल इंटरनेटवरून उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकली होती. ती पहिल्यांदा काढली. कुणी बांधली, कुठून आली, माहीत नाही, अशी डीएलएल पैशाचा हिशोब असलेल्या मशीनवर नको. त्याला समजावून सांगितलं, पटलं की नाही कोण जाणे.

शेठजींना दोन रस्ते सांगितले: डिस्क बदलून विंडोज १० टाका, नाही तर हे मशीन फक्त छापायला ठेवा. पट्ट्या पुढच्या दुकानात तयार होतील, पीडीएफ सामायिक फोल्डरात पडेल, गोदामातून छापायची. "छापायलाच लागतंय तिथं, दुसरं काय करायचं त्याच्यावर," शेठजी म्हणाले. मिटलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन्ही मशीनवर १.० बसवलं. फोल्डर ९६ एमबी, सेटअप ३१ एमबी. त्यात माझा स्वतःचा कोड एक एमबीसुद्धा नाही. सेटअप, बॅच फाइल, डीएलएलची यादी आणि त्या दिवशीचं एमसिस२ चं अख्खं फोल्डर झिप करून बाजूला ठेवलं. सहा महिन्यांनी एखादी ओळ बदलायची वेळ आली तर तेव्हाचं पँगो नवं असेल, आणि मला हाच संच पाहिजे असेल.

मुनीमकाकांनी कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. उद्या दसरा.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पहिली खरी पट्टी निघाली. ९ कट्टे. शेतकऱ्यानं कागद घेतला, घडी घालून खिशात टाकला. 'क्विंटल'कडं त्यानं बघितलंही नाही.

मुनीमकाका मात्र बघत होते. म्हणाले, तारखेच्या खाली वार पण येऊ द्या. १.०.१ मध्ये टाकतो. त्यासाठी फक्त एक्सई बदलावी लागेल, वऱ्हाड जागचं हलवायची गरज नाही.